निर्मळचा ळ

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस निर्मळ नावाचे गाव आहे. गावात मोठे तळे असून जवळच शंकराचार्यांचे मंदिर आहे. दरवर्षी कार्तिक वद्य एकादशीला येथील यात्रेस प्रारंभ होतो. वसईच्या वाड्यांतील केळी वाळवून केलेली सुकेळी घेण्यासाठी पुष्कळ लोक या यात्रेची वाट पाहत असतात.

या परिसरातील नावे एकदा सावकाश वाचून पाहा. निर्मळ, नाळे, कळंब, अर्नाळा. प्रत्येक नावात ळ आहे. यात्रेतल्या सुकेळ्यांतही तो आहेच. हिंदीच्या नित्याच्या लेखनात हे अक्षर येत नाही. मराठीचे मात्र त्यावाचून पदोपदी अडते. वेळ म्हणजे समय आणि वेल म्हणजे लता. काळ निराळा आणि काल निराळा. म्हणून ळ नीट उमटला पाहिजे, एवढेच नव्हे तर तो लहानमोठ्या कोणत्याही आकारात नीट उमटला पाहिजे.

आता अशी कल्पना करा की, यात्रेसाठी दोन गोष्टी छापून घ्यावयाच्या आहेत. पहिली सुकेळ्यांच्या पुडीवर लावण्याची चिठ्ठी. तीवरील ळ बोटाच्या नखाहून लहान असणार. दुसरी म्हणजे रस्त्यावरील कमान. तीवर निर्मळ हे नाव लिहायचे असून त्यातला ळ पुरुषभर उंच असणार. अक्षर एकच, मग एकदाच काढून दोन्ही ठिकाणी वापरता येईल काय? येईल. परंतु ते कोणत्या रीतीने काढले आहे, यावर सारे अवलंबून आहे.

संगणकावर चित्र साठवून ठेवण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिली रीत ठिपक्यांची. चित्राचे बारीक चौकोनी ठिपके पाडावयाचे आणि कोणता ठिपका काळा, कोणता पांढरा, याची नोंद ठेवावयाची. छायाचित्रे याच रीतीने साठवतात. या रीतीने काढलेला ळ २० ठिपके उंच आहे असे समजू. चिठ्ठीवर तो बरा दिसेल. पण तोच ताणून २ मीटर उंच केला, तर प्रत्येक ठिपका १० सेंटिमीटरांचा चौकोन होईल, आणि ळच्या गोल वळशांच्या जागी जिन्याच्या पायऱ्या दिसू लागतील. दोष छापणाऱ्याचा नव्हे. ठिपक्यांच्या नोंदीत वळसा नव्हताच. वळशाचा केवळ भास होता.

दुसऱ्या रीतीस व्हेक्टर असे म्हणतात. हिच्यात ठिपक्यांची नोंद नसते, रेषेच्या मार्गाची नोंद असते. रेषा कोठून निघाली, कोणत्या दिशेने वळली आणि कोठे पोहोचली, हे सांगणारे थोडेसे आकडे संगणक जपून ठेवतो. अशा मार्गाला पाथ म्हणतात. आपण त्याला रेखापथ म्हणू. चित्र कितीही मोठे करावयाचे झाले, तरी ते आकडे त्या प्रमाणात वाढवून संगणक रेषा नव्याने काढतो. म्हणून तिला पायऱ्या पडत नाहीत.

हा रेखापथ काढण्याची पद्धत समजण्यास आपली ठिपक्यांची रांगोळी उपयोगी पडेल. रांगोळी काढताना प्रथम ठिपके मांडतात आणि मग त्यांच्या आधाराने रेषा फिरवतात. रेखापथातही प्रथम काही बिंदू ठेवावयाचे असतात. त्यांना नोड म्हणतात. दोन नोडांमधील रेषा सरळ असेल, तर आणखी काही सांगावे लागत नाही. परंतु रेषा वळवायची असेल, तर ती कशी वळावी हे कोणीतरी सांगितले पाहिजे. रांगोळीत हे काम आपली बोटे करतात. संगणकावर ते हँडल करते.

नोडापासून निघणारी एक बारीक सरळ काडी पडद्यावर दिसते; तेच हँडल. छापलेल्या चित्रात ते येत नाही. हँडलाची दिशा आणि त्याची लांबी या दोन्हींना अर्थ असतो. नाक्यावरून सायकल निघते तशी नोडातून रेषा निघते. हँडल ज्या दिशेला असेल, त्या दिशेने ती प्रथम जाते. सायकलीला वेग जास्त असेल, तर ती बरीच पुढे जाऊन मोठा वळसा घेते. तसेच हँडल लांब असेल, तर रेषाही आपली दिशा लवकर सोडत नाही. हँडल आखूड केले की ती लगेच वळते. याप्रमाणे दोन टोकांचे दोन नोड आणि त्यांची दोन हँडले मिळून एक वळण पुरते ठरते.

हे कसे ठरते, ते कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन प्रत्यक्ष पाहता येईल. कागदावर ८ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस काढा. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यास क, वरच्या डाव्या कोपऱ्यास ख, वरच्या उजव्या कोपऱ्यास ग आणि खालच्या उजव्या कोपऱ्यास घ अशी नावे द्या. क आणि घ हे आपले नोड होत. क पासून ख पर्यंत एक हँडल आणि घ पासून ग पर्यंत दुसरे हँडल, असे समजा. आता कख रेषेच्या मध्यावर च, खग रेषेच्या मध्यावर छ आणि गघ रेषेच्या मध्यावर ज हे बिंदू घ्या. च आणि छ जोडून त्या रेषेच्या मध्यावर प हा बिंदू घ्या. छ आणि ज जोडून त्या रेषेच्या मध्यावर फ घ्या. शेवटी प आणि फ जोडा व मध्यावर म लिहा.

हा म बिंदू आपल्या वळणाचा माथा होय. मोजून पाहा, तो तळाच्या रेषेपासून बरोबर ६ सेंटिमीटर उंच आहे. हँडले ८ सेंटिमीटर उंच असली, तरी वळण त्यांच्या टोकांपर्यंत गेले नाही, हेही ध्यानात घ्या. वळणावरील दुसरा बिंदू हवा असेल, तर प्रत्येक वेळी मध्याऐवजी रेषेचा एकचतुर्थांश भाग घ्या. तो बिंदू तळापासून साडेचार आणि डाव्या बाजूपासून सव्वा सेंटिमीटरवर येईल. असे अनेक बिंदू काढून ते जोडले की एक सुंदर कमान तयार होते. संगणकही असेच करतो. तो एवढेच की ते निमिषार्धात करतो.

या कृतीतून आणखी एक गोष्ट कळते. कमानीचा डावा अर्धा भाग क, च, प, म या चार बिंदूंनी ठरतो आणि उजवा अर्धा भाग म, फ, ज, घ या चार बिंदूंनी. म्हणजे कमानीच्या माथ्यावर नवा नोड घातला आणि त्याला प आणि फ पर्यंत हँडले दिली, तर रेषा केसभरही हलत नाही. म्हणूनच काढलेल्या रेखापथावर हवा तेथे नवा नोड घालता येतो. काढून टाकताना मात्र असे घडेलच असे नाही. नोड काढला की उरलेल्या दोन नोडांना सगळे वळण सांभाळावे लागते आणि रेषा थोडीफार बदलू शकते.

ही युक्ती मोटारींच्या कारखान्यांत जन्मास आली. फार पूर्वी जहाजे बांधणारे कारागीर मोठी वक्र रेषा आखण्यासाठी लवचीक लाकडी पट्टी वाकवून वजनांनी जागच्या जागी धरून ठेवीत. मोटारींचे बाह्य पत्रे तयार करतानाही अशाच वक्र रेषा लागतात. त्या आकड्यांनी सांगता आल्या, तर यंत्राकडून त्या अचूक कापून घेता येतील, असा विचार फ्रान्समध्ये दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी केला. सिट्रोएन कारखान्यातील पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली ही रीत शोधली. आपण वर पट्टीने केलेली कृती त्यांचीच आहे. परंतु कारखान्याने ती गुप्त ठेवली. रेनो कारखान्यातील पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात आपले काम प्रसिद्ध केले, आणि या वक्ररेषांना बेझिए वक्र हे नाव पडले. पुढे १९८० नंतरच्या दशकात छपाईच्या आणि चित्रे काढण्याच्या संगणक आज्ञावलींत हीच रीत आली. आज इंकस्केपसारखी आज्ञावली कोणासही विनामूल्य मिळते व तिच्यात हे सारे करता येते.

आता आपण ळकडे वळू. बोरूने किंवा लेखणीने ळ लिहिताना आपण शिरोरेषेपासून लहानशी दांडी खाली आणतो आणि तिच्या दोन्ही अंगांस एकेक वळसा देतो. लेखणीच्या तिरप्या टोकामुळे रेषा कोठे जाड, कोठे बारीक होते. संगणकाजवळ असे टोक नसते. त्याला जाडबारीकपणाही सांगावा लागतो. म्हणून छापावयाचे अक्षर काढताना लेखणीची वाट काढून भागत नाही. शाईने व्यापलेल्या जागेची हद्द काढावी लागते.

वसईच्या वाडीची आठवण करा. वाडीच्या चारही बाजूंस कुंपण असते आणि कुंपणाच्या आत लागवड असते. अक्षराची बाहेरची कड हे कुंपण, आणि शाई ही लागवड. परंतु वाडीत बावखलही असते. बावखल म्हणजे पाणी साठवण्याचे लहान तळे. ते वाडीच्या आत असले तरी त्यात लागवड नसते. त्याला स्वतःचा काठ असतो. ळच्या दोन वळशांच्या पोटांत अशाच दोन मोकळ्या जागा असतात. म्हणून ळ काढावयास बहुधा तीन रेखापथ लागतात: बाहेरचे एक कुंपण आणि आतले दोन काठ. हे तिन्ही पूर्ण मिटलेले असले पाहिजेत, म्हणजे रेषा जेथून निघाली तेथेच परत येऊन मिळाली पाहिजे. कुंपण अपुरे राहिले, तर आतला भाग कोणता हे यंत्राला नक्की कळत नाही. तिन्ही रेखापथ एकत्र जोडावयास विसरलो, तर पोकळ्यांतही शाई भरते आणि ळचे दोन वळसे जाऊन दोन गोळे उरतात.

नोड कोठे ठेवावेत, हा पुढचा प्रश्न. नवशिक्यास वाटते की नोड जितके अधिक, तितकी रेषा अचूक. खरी गोष्ट याच्या उलट आहे. नोड फार झाले की प्रत्येकाचे हँडल थोडे थोडे निराळ्या दिशेस जाते आणि रेषा थरथरत्या हाताने काढल्यासारखी दिसते. छापील चित्रावरून संगणकाकडून आपोआप रेखापथ काढून घेतला, तर पुष्कळदा असे घडते. गरजेपेक्षा कितीतरी अधिक नोड येतात आणि ते निवडून काढावे लागतात. जाणते कलावंत वळशाच्या चार टोकांवर नोड ठेवतात: सर्वांत वर, सर्वांत खाली, सर्वांत डावीकडे आणि सर्वांत उजवीकडे. वरच्या आणि खालच्या नोडांची हँडले आडवी, तर बाजूच्या नोडांची उभी ठेवतात. एवढ्याने संपूर्ण वर्तुळही काढता येते. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळास चार नोड आणि सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीची हँडले पुरतात. ते गणिताच्या दृष्टीने अगदी शुद्ध वर्तुळ नसते. पण त्यातील चूक एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही लहान असते आणि डोळ्यांस मुळीच दिसत नाही.

नोडांचे प्रकारही ओळखले पाहिजेत. वळसा अखंड चालू राहावयाचा असेल, तेथे नोडाची दोन्ही हँडले एकाच सरळ रेषेत ठेवतात; अशा नोडास गुळगुळीत नोड म्हणता येईल. जेथे दांडी शिरोरेषेस मिळते, तेथे कोपरा हवा असतो. तेथे दोन्ही हँडले परस्परांपासून मोकळी असतात, किंवा नसतातच. गुळगुळीत हवा तेथे कोपरा राहिला, तर वळशाला टेंगूळ आल्यासारखे दिसते.

रेखापथ एकदा काढला म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम तेथून सुरू होते. नोड उचलून जरा बाजूला न्यावा, हँडल किंचित आखूड करावे, मागे सरून पाहावे, पुन्हा बदलावे. मागे केलेली कोणतीही दुरुस्ती पुन्हा करता येते, हा या रीतीचा मोठा गुण होय. जुन्या काळी ही सोय नव्हती. मुंबईत १८६९ साली स्थापन झालेला जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना आपल्या सुबक देवनागरी अक्षरांसाठी नावाजलेला होता. त्या काळी खिळे तयार करताना कारागीर पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरीत. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करीत आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडीत. प्रत्येक आकारासाठी निराळा ठसा कोरावा लागे. कोरताना पोलादाचा कण अधिक उडाला, तर तो परत लावता येत नसे.

परंतु या कष्टांतून त्या कारागिरांना एक ज्ञान मिळाले होते. लहान अक्षर म्हणजे मोठ्या अक्षराची केवळ बारीक प्रत नव्हे. आकार फार लहान झाला की ळच्या पोटातील मोकळी जागा शाईने बुजते. म्हणून लहान खिळ्यांसाठी ते पोकळ्या थोड्या अधिक मोकळ्या ठेवीत. संगणक रेखापथ हवा तेवढा लहान करून देईल; पण पोकळी बुजत आहे हे तो सांगणार नाही. ते पाहण्यास अक्षर ओळखणारा डोळाच लागतो. आपल्या चिठ्ठीवरील आणि कमानीवरील ळ एकाच रेखापथातून निघेल हे खरे; तरीही चिठ्ठीसाठी त्याची पोटे थोडी मोकळी करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

असा डोळा असलेल्या माणसांनीच आपली लिपी संगणकावर आणली. संगणक प्रत्येक अक्षरास एका क्रमांकाने ओळखतो. यूनिकोड नावाच्या जगन्मान्य पद्धतीत ळचा क्रमांक ०९३३ आहे. तो सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीने लिहिलेला असतो. हा क्रमांक अक्षर कोणते ते सांगतो, ते कसे दिसावे हे सांगत नाही. दिसण्याचे काम रेखापथांकडे असते. एका घडणीच्या सर्व अक्षरांच्या रेखापथांचा संच म्हणजे फाँट. फाँटमध्ये ळचा रेखापथच नसेल, तर क्रमांक बरोबर असूनही पडद्यावर रिकामी चौकट दिसू शकते. म्हणजे कोणीतरी बसून ळ काढल्यावाचून निर्मळ हे नाव संगणकावर पुरे होऊ शकत नव्हते.

हे काम ज्यांनी केले, त्यांत रघुनाथ कृष्ण जोशी यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १९३६ साली झाला आणि २००८ साली ते निवर्तले. ते कवी होते आणि सुलेखनकार होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना अक्षरकला शिकवली. त्यांनी घडवलेला मंगल हा देवनागरी फाँट विंडोज २००० या संगणकप्रणालीबरोबर देण्यात आला आणि असंख्य लोकांनी संगणकावर मराठी प्रथम पाहिली ती त्याच अक्षरांत. हातात लेखणी धरून अक्षराची घडण ज्यांनी जाणली होती, त्यांनीच ती रेखापथांत उतरवली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्यानंतर तरुण कलावंतांनी हे काम पुढे नेले. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा मुक्ता हा फाँट खुल्या परवान्याचा आहे. तो कोणीही वापरावा आणि त्याची अक्षरे उघडून अभ्यासावीत.

तुम्हीही ते करून पाहा. इंकस्केपमध्ये निर्मळ हा शब्द लिहा आणि त्याचे रूपांतर रेखापथात करा. तत्पूर्वी मूळ शब्दाची एक प्रत बाजूला ठेवा. कारण रूपांतर झाल्यावर संगणक त्याला शब्द न समजता आकृती समजतो, आणि मग नेहमीप्रमाणे अक्षरे टंकून त्यात बदल करता येत नाही. आता ळचे नोड मोजा. ते कोठे ठेवले आहेत ते पाहा. एखादे हँडल ओढून वळसा कसा बिघडतो ते पाहा आणि तो पुन्हा पूर्ववत करा. शेवटी तेच अक्षर नखाएवढे आणि कागदभर अशा दोन आकारांत छापून शेजारी शेजारी ठेवा. लहान अक्षर हातभर अंतरावरून वाचता येते काय? येत नसेल, तर कोणता नोड कोणीकडे सरकवावा, हे आता तुम्हांला ठरवता येईल.